कॅन्सर रजिस्ट्रीतून स्तनाचा कर्करोग अभ्यासताय? या चुका टाळा

थिसिसचा हंगाम आला की एखादा पीजी विद्यार्थी लॅपटॉप घेऊन दारात उभा असतो. "मॅडम, पाच वर्षांचा सर्व्हायव्हल 78 टक्के येतोय!" चेहऱ्यावर आनंद. म्हणजे निदानानंतर पाच वर्षांनी 100 पैकी 78 बायका जिवंत. देशातल्या 11 कॅन्सर रजिस्ट्रींमध्ये, म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदवह्यांमध्ये, 2012 ते 2015 या काळात नोंदलेल्या रुग्णांचा हाच आकडा 66.4 टक्के आहे. आणि आपल्याकडे, जिथे गाठ हाताला लागूनही बाई सोयाबीन निघेपर्यंत थांबते, तिथे 78? मी एवढंच विचारते, "पत्ता न लागलेल्या किती?"

बहुतेक वेळा उत्तर यायला वेळ लागतो, कारण एक्सेलमध्ये मृत्यूची तारीख रिकामी असेल तर ती बाई 'जिवंत' धरलेली असते. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. समजा, 100 रुग्ण आहेत. पाच वर्षांत 25 गेल्याचं कळलं, 35 जिवंत असल्याची खात्री झाली आणि 40 जणींचं काहीच कळलं नाही. त्या 40 जिवंत धरल्या तर 75 टक्के, गेल्या म्हटलं तर 35. खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ही दोन्ही टोकं वाचणाऱ्याला दिसली पाहिजेत.

"पण मॅडम, शेवटच्या भेटीला सेन्सॉर केलं, म्हणजे त्या तारखेनंतर तिला मोजणं थांबवलं, की झालं ना?" नाही झालं. सर्व्हायव्हल काढायची कापलान-मायर पद्धत असं धरून चालते की हरवलेल्या बायका आणि संपर्कात राहिलेल्या बायका सारख्याच. आपल्याकडे बाई ओपीडीला यायची थांबते ती बऱ्याचदा पैसे संपले म्हणून, नाहीतर अंगात ताकद उरली नाही म्हणून. तिला मध्येच सेन्सॉर केलं की आकडा आपोआप गोंडस होतो.

उपाय कॉम्प्युटरवर नाही, फोनवर आणि गावात आहे. फोन लागला नाही तर आशाताईंना गाठा. एकदा हिंगणघाट तालुक्यातल्या एका नोंदीसाठी आम्ही असेच गेलो होतो. फाइलमधली शेवटची भेट 2018 ची. आशाताई म्हणाल्या, "ते तर गेली नं मॅडम. पोया झाला अन् दुसऱ्याच दिवशी." कोणत्या वर्षी? "नातवानं तान्ह्या पोयाले बैल सजवला होता, तोच पयला." नातवाच्या वयावरून वर्ष काढलं, पंचांग उघडलं: पोळा 30 ऑगस्ट 2019, म्हणजे मृत्यू 31 ऑगस्ट. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत तीच तारीख होती, फक्त नाव वेगळं. केसपेपरवर सासरचं, नोंदवहीत आधार कार्डावरचं माहेरचं. नाव जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने या दोघींना कधीच एक मानलं नसतं.

म्हणून नुसत्या नावावर जुळणी करू नका. वय, गाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, मोबाइल नंबर, बायोप्सीचा नंबर असं सगळं शेजारी ठेवा. गावाच्या नावानेही फसगत होते. 'कारंजा' वर्धा जिल्ह्यातही आहे (घाडगे) आणि वाशिममध्येही (लाड). 'आष्टी' वर्ध्यात आहे, गडचिरोलीत आहे, बीडमध्येही आहे. तालुका न पाहता कोड टाकला की दुसऱ्याच जिल्ह्याची बाई तुमच्या अंशात, म्हणजे मोजलेल्या रुग्णांत, बसते. उलटंही घडतं. नागपूरला उपचार घेताना बाई मुलीच्या घरचा पत्ता लिहून देते आणि तुमच्या यादीतून गळते. लोकसंख्येवर आधारित रजिस्ट्रीत किमान वर्षभर त्या भागात राहणारी व्यक्तीच मोजतात. हॉस्पिटलच्या रजिस्ट्रीला अशी हद्द नसते. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत छिंदवाडा-बालाघाटहूनही रुग्ण येतात, त्यामुळे तिथल्या आकड्यांवरून 'विदर्भातलं प्रमाण' काढू नका.

आता तपासणीबद्दल, म्हणजे काही त्रास नसतानाच केलेल्या स्क्रीनिंगबद्दल, कारण इथे हुशार मुलंही घसरतात. निदान तपासणीतून झालं की त्रास होऊन, हे आपल्या रजिस्ट्रीतून सहसा कळत नाही. मग 'शिबिरातून आलेली' म्हणजे 'स्क्रीनिंगमधून सापडलेली' असं धरलं जातं. पण गाठ लागली म्हणूनच कितीतरी बायका शिबिराला येतात! केसपेपरवरची पहिली तक्रार वाचा. 'डाव्या बाजूला गाठ, सहा महिन्यांपासून' असं लिहिलेलं असेल तर तिला स्क्रीनिंगमध्ये मोजू नका. खरोखर तपासणी झालेल्या बायका मुळातच मूठभर आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम 0.9 टक्क्यांनी कधीतरी स्तनाची तपासणी करून घेतली होती. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बाईची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी अपेक्षित आहे, पण 'अपेक्षित' हा रजिस्ट्रीतला रकाना नव्हे.

पुढचा सापळा जास्त खोल. दोन जावा घ्या. दोघींचा आजार सारखाच, एकाच वेळी सुरू झालेला. थोरलीची गाठ उपकेंद्रातल्या तपासणीत 2014 साली सापडली. धाकटी 2018 साली दुखायला लागल्यावर आली. दोघी 2021 मध्ये गेल्या. तुमच्या तक्त्यात थोरली 'पाच वर्षं जगली', धाकटी नाही. तपासणीने थोरलीला एक दिवसही जास्त मिळाला नाही. मिळाली ती आजाराची बातमी, चार वर्षं आधी. शिवाय हळू वाढणाऱ्या गाठी तपासणीच्या हाती जास्त लागतात, त्यामुळे त्या गटाचा सर्व्हायव्हल तसाही चांगलाच दिसणार. 'स्क्रीनिंग झालेल्या विरुद्ध न झालेल्या' असा आलेख काढून कार्यक्रम यशस्वी ठरवू नका.

मग काय पाहायचं? आजाराच्या उशिराच्या टप्प्यात आलेले रुग्ण, पण टक्क्यांत नव्हे, दर लाख स्त्रियांमागे. आधी 100 पैकी 60 उशिरा येत होत्या. शिबिरांनंतर 150 सापडल्या, त्यातल्या 60 उशिराच्याच. टक्केवारी 60 वरून 40 वर आली, टाळ्या पडल्या, पण उशिरा येणारी एकही बाई कमी झाली नाही. त्यासोबत मृत्युदर पाहा. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून 35 ते 64 वयाच्या दीड लाख स्त्रियांवर चाचणी केली. प्रशिक्षित महिला कार्यकर्त्यांनी त्यातल्या एका गटाला दर दोन वर्षांनी हाताने तपासलं, दुसऱ्याला नाही. वीस वर्षांनी तपासलेल्या गटातल्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी दिसले. सगळ्या वयांचे मिळून 15 टक्के, पण तेवढी घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. कोणत्या गटात कोण जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून हे बोलता आलं. आपल्या रजिस्ट्रीत कोणी चिठ्ठ्या टाकलेल्या नसतात.

बारीकसारीक गोष्टी झटपट. निदानाची तारीख म्हणून बायोप्सी रिपोर्टची घ्या, आपल्या दवाखान्यात नाव नोंदवल्याची नको. मृत्यूच्या कारणात 'वृद्धापकाळ' किंवा 'हृदय बंद पडले' असेल तर त्यावर कर्करोगाचे मृत्यू मोजू नका, सापेक्ष सर्व्हायव्हल काढा, म्हणजे त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या जगण्याशी तुलना करा. जनगणना 2011 चीच आहे, तेव्हा छेदात घेतलेली लोकसंख्या कशी वाढवली ते लिहा. एका तालुक्याचा एका वर्षाचा दर छापू नका, तीन-चार वर्षं एकत्र करा.

आणि टप्पा 'अज्ञात' असलेल्या ओळी डिलीट करू नका. त्या 11 रजिस्ट्रींच्या अभ्यासात गाठ स्तनापुरती असताना 81.0 टक्के जगल्या, दूरवर पसरल्यावर 18.3. इतका फरक असताना टप्पाच न कळलेल्यांना वगळणं धोक्याचं. इथे बायोप्सी करून पुढे नागपूर-मुंबईला गेलेल्या, आणि बायोप्सी करून घरी परतलेल्या, अशा दोन्ही त्यात असतात. कोण कुठे गेली, हे त्या गावच्या आशाताईंना विचारा.