मिनिएचर घोडा अंगाने सुटलाय? ग्रेझिंग मझल असं लावा

मिनिएचर घोडा म्हणजे आयाळीच्या शेवटच्या केसापाशी मोजलं तर 34 इंचांपर्यंत (काही नोंदणींत 38), वजन साधारण 80-100 किलो, आणि खायला बसला की थांबणं माहीतच नाही. इकडे अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एप्रिल-मेमध्ये कुरणं हिरवीगार होतात, मोठ्या घोड्यांना ते चालून जातं, पण या छोट्यांना तेच गवत बाधतं. वजन वाढतं, इन्सुलिन बिघडतं आणि मग लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज, ज्यात घोडा अक्षरशः पाय टेकवू शकत नाही. म्हणून मझल. आपल्याकडे मळणीच्या वेळी बैलाला मुसकं बांधतात ना, तसंच दिसतं, फरक एवढाच की बैलाने खाऊच नये म्हणून मुसकं असतं आणि याला तळाशी भोक असतं, त्यातून गवताची थोडी थोडी पाती तोंडात येतात. खाणं चालू राहतं, फक्त हळू.

आधी हाताने तपासा, डोळ्यांवर जाऊ नका. मिनींच्या अंगावर एवढे दाट केस असतात की हिवाळ्यात सगळेच गुबगुबीत दिसतात आणि खरा जाड कोण ते कळतच नाही. बरगड्यांवर तळवा फिरवा. हलक्या दाबाने बरगड्या लागल्या पाहिजेत. मानेचा वरचा कडा चिमटीत धरून बघा, कडक आणि एका बाजूला कललेला असेल तर ते चरबीचंच लक्षण. व्हेट लोक 1 (अगदी हाडकुळा) ते 9 (फार लठ्ठ) अशी हेनेके स्कोअरची पट्टी वापरतात, आपल्याला साधारण 5 हवा. शिवाय वेट टेप, म्हणजे छातीच्या घेरावरून वजनाचा अंदाज देणारी फीत, आणा, दर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी छाती मोजा आणि लिहून ठेवा. आकडा अगदी बरोबर नसला तरी चालेल, तो खाली जातोय का वर ते महत्त्वाचं. आणि घोड्याला आत्ता लॅमिनायटिस चालू असेल तर मझल लावूनसुद्धा कुरणात सोडायचं नाही, आधी व्हेट.

आता माप, आणि इथे घाई नको. मोठ्या घोड्याचं मझल आवळून मिनीला बसत नाही, मिनीचंच घ्या, ग्रीनगार्ड किंवा थिनलाइनसारख्या कंपन्यांची छोटी मापं मिळतात. घातल्यावर ओठ आणि मझलचा तळ यांच्यात साधारण अडीच सेंटिमीटर जागा हवी, नाकपुड्यांना कुठेही टेकता कामा नये, नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. मझल ज्याला अडकवतात तो तोंडाच्या पट्ट्यांचा हॉल्टर ब्रेकअवेच हवा, म्हणजे कुंपणात अडकला तर तुटेल असा, इथे पैसे वाचवू नका. गाल आणि हनुवटीपाशी पट्टा घासतो तिथे मेंढीच्या लोकरीचं कव्हर लावा. मिनींचे दात जबड्याच्या मानाने मोठे असतात, त्यामुळे मझल वापरायच्या आधी दात तपासून घेतलेले बरे. शिंगरांना मात्र मझल नको.

पहिल्या दिवशी घालून लगेच सोडून देऊ नका. तळहातावर मझल धरा, आत गाजराचा तुकडा ठेवा, त्याला स्वतःहून नाक घालू द्या. मग घातल्यावर भोकातून लांब गवताच्या काड्या भरवा, म्हणजे अन्न खालून येतं हे त्याला कळतं. बहुतेक मिनी आधी पायाने ओरबाडतात, जमिनीवर घासतात, मग कधीतरी एक पातं तोंडात जातं आणि ओरबाडणं थांबतं. पहिल्यांदा अर्धा-एक तास, तोही तुम्ही समोर असताना, मग रोज थोडं वाढवत न्या. पाणी पितोय का ते डोळ्यांनी बघा, बादली अरुंद असली तर मझल कडेला अडकतं, रुंद टब ठेवा.

गवतही बघायला लागतं. अगदी खुरटं असेल तर भोकातून वर येत नाही आणि घोडा वैतागतो, फार उंच असेल तर मझलखाली आडवं पडतं. बोटभर ते वीतभर, उभं वाढलेलं गवत बरं. गवतातली साखर दुपारनंतर चढते, पहाटेपासून सकाळपर्यंत कमी असते, म्हणून शक्यतो पहाटे सोडा. अपवाद म्हणजे रात्री कडक थंडी आणि सकाळी लख्ख ऊन, तेव्हा सकाळचं गवतही गोडच असतं.

मझलमुळे गवत खाणं अभ्यासांत साधारण 30 ते 80 टक्के कमी झालेलं दिसलंय, पण खरा खेळ मझल काढल्यावर सुरू होतो, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. दिवसभर मझल लावून संध्याकाळी काढून त्याच कुरणात मोकळं सोडलं की पोनी भराभर खाऊन कसर भरून काढतात, तीन तासांत वजनाच्या जवळजवळ 1 टक्का (गवतातलं पाणी वगळून, सुक्या हिशोबाने) गवत खाल्ल्याची नोंद आहे, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त! म्हणून मझल दिवसाला 10-12 तासांपर्यंत, आणि काढल्यावर गवत नसलेल्या ड्राय लॉटमध्ये, तिथे मोजून सुकं गवत. मोजून म्हणजे काट्यावर, अंदाजाने मूठभर नाही. 90 किलोच्या मिनीला कुरण अजिबात नसेल तर दिवसाला साधारण दीड किलो सुकं गवत लागतं, मझलमध्ये चरून आला असेल तर रात्री त्याच्या निम्म्याने सुरुवात करा आणि पुढे टेप सांगेल तसं. बारीक जाळीच्या हे-नेटमध्ये दिलं तर रात्रभर पुरतं. धान्य बंद, जीवनसत्त्वं-खनिजांचा थोडासा बॅलन्सर पुरे.

मझल बघून लोक म्हणतात, किती क्रूर. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी मिनींवरच हे तपासलं, मझल नसलेले, 10 तास आणि 24 तास लावलेले, आणि मझलमुळे ताण वाढल्याचं दिसलं नाही. माझ्या मते तरी एकट्याला कोरड्या आवारात डांबण्यापेक्षा मझल लावून सोबत्यांबरोबर फिरू देणं कितीतरी प्रेमाचं आहे.

रोज काढल्यावर चेहरा चाचपा, घासलेली जागा, ओला चट्टा, हिरड्या, पुढचे दात. मझल धुवा, तळाचं भोक झिजून मोठं झालंय का बघा, झालं असेल तर बदला, नाहीतर घोडा पुन्हा पोटभर खातोय आणि तुम्हाला पत्ताच नाही.

आणि लवकर बारीक व्हावा म्हणून उपाशी ठेवू नका, कधीच नाही. मिनींचं खाणं एकदम तुटलं की शरीरातली चरबी रक्तात उतरते, त्याला हायपरलिपिमिया म्हणतात, त्यात जीव जातो. मझल लावल्यावर एखादा खाणंच सोडून कोपऱ्यात उभा राहिला तर मझल काढा, सुकं गवत द्या, तेही खाल्लं नाही तर व्हेट. तसंच खूर गरम लागला, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणठण लागली, वळताना अडखळतोय किंवा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा आहे असं दिसलं, तर लगेच गवतावरून काढून जाड मऊ भुशावर उभं करा आणि व्हेटला फोन लावा, सकाळपर्यंत थांबू नका.