ड्रोग आणि सी अँकर: या चुका टाळा

वादळात बोट आवरायला दोराने पाण्यात सोडायची ही दोन साधनं. पहिली गडबड नावातच होते, सी अँकर आणि ड्रोग म्हणजे एकच असं बरेच जण समजून चालतात. सी अँकर म्हणजे पाण्यातलं मोठं पॅराशूट, ते नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून सोडायचं, बोट लाटांकडे तोंड करून जवळपास थांबते. ड्रोग लहान, तो मागून सोडायचा, बोट वाऱ्याबरोबर जातच राहते पण हळू आणि सरळ. मिग-२१ उतरलं की शेपटीमागे पॅराशूट उघडायचं ना, तसंच, ओढ मागून असली की तोंड पुढेच राहतं.

सी अँकर लावूनही बोट आडवी होतेय? कापडाला शिव्या घालण्याआधी दोर किती सोडलाय ते बघा. ३०-४० मीटरवर भागत नाही, १०० मीटरच्या आसपास नायलॉन लागतो, तो ताणतो म्हणून झटका जिरतो. आणि सुकाणू मधोमध पक्कं बांधा, बोट लाटेबरोबर मागे रेटली गेली की मोकळं सुकाणू मोडतं.

ड्रोगचं दुखणं वेगळं. एकच मोठा कोन (शंकूच्या आकाराची कापडी पिशवी) असेल तर तो कधी लाटेसोबत वर येतो, कधी पाण्याबाहेरच, आणि नेमका हवा तेव्हा दोर सैल! १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या रेसमध्ये वादळात १५ स्पर्धक गेले, त्यानंतर डोनाल्ड जॉर्डन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने एका दोरावर शंभरेक छोटे कोन आणि टोकाला साखळीचं वजन अशी माळ काढली, काही कोन कायम खोल पाण्यात राहतात. लोक काय करतात, जड होतं म्हणून ते वजनच काढून टाकतात, मग माळ वरच्यावर तरंगते आणि म्हणे ड्रोग बोगस आहे.

सगळ्यात जास्त घोळ मात्र बांधण्यात. मोठ्या लाटेत ओढ बोटीच्या वजनाच्या जवळपास जाऊ शकते, साधं क्लीट, म्हणजे दोर अडकवायचा खुंटा, डेकसकट उपटून येईल. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना जाड पट्ट्या बोल्टने बसवा, त्यांनाच दोराचे दोन पाय जोडा, आणि दोर कुठे कडेला घासत नाही ना ते बघा. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या रेसमध्ये सुझी गुडॉल या स्पर्धकाच्या ड्रोगचा दोर तुटला आणि बोट कोलांटी खाऊन मास्ट (डोलकाठी) गेला.

माळेचा ड्रोग ठेवायची पिशवी भरताना दोराचं बोटीकडचं टोक तळाशी, वजन सगळ्यात वर, कारण वजन आधी जातं. परत ओढायला विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) आणि तासभर धीर लागतो, वारा पडल्याशिवाय हात लावू नका.