नेटवर्कमध्ये घेण्यापूर्वी संगणकाची सुरक्षा कशी तपासावी?

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हे रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम) विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेऊन पसरले, ती दूर करणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. तरीही असंख्य संगणकांवर ते टाकलेले नव्हते. म्हणून वापरकर्त्याच्या पासवर्डबरोबरच त्याच्या संगणकाची स्थितीही तपासावी लागते.

प्रथम अटी ठरवाव्यात आणि त्या मोजक्याच ठेवाव्यात: ऑपरेटिंग सिस्टिमला उत्पादकाकडून अजून अपडेट मिळत असावेत, ते टाकलेले असावेत, अँटिव्हायरस चालू व अद्ययावत असावा आणि फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) सुरू असावी. नवीन अपडेट आल्या दिवशीच अडवणूक करू नये. काही दिवसांची सवलत द्यावी.

त्यानंतर स्विच (संगणकांच्या केबल जिथे जोडतात ते उपकरण) आणि वायफायवर ८०२.१एक्स ही प्रवेशापूर्वी ओळख तपासणारी पद्धत सुरू करावी. या पद्धतीत रेडियस सर्व्हरने (ओळख पडताळून प्रवेश ठरवणाऱ्या सर्व्हरने) होकार देईपर्यंत पोर्ट, म्हणजे जोडणीची जागा, बंदच राहतो. संगणकावरील एजंट (तपासणी करणारा छोटा प्रोग्राम) तेथील स्थिती कळवतो आणि त्यानुसार त्याला नेहमीच्या किंवा विलगीकरणाच्या व्हीलॅनमध्ये (त्याच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) टाकले जाते. अनेक प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना हे जमत नाही. त्यांना मॅक अॅड्रेस (उपकरणाच्या नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) पाहून प्रवेश देतात. परंतु तो सहज बदलता येत असल्याने अशी उपकरणे वेगळ्या व्हीलॅनमध्येच ठेवावीत.

सर्वाधिक लक्ष विलगीकरणाकडे द्यावे, कारण बहुतेक योजना येथेच फसतात. अडवलेल्या संगणकाला डीएचसीपी (नेटवर्कवरील पत्ता देणारी सेवा), डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा), अपडेट सर्व्हर आणि अँटिव्हायरसचा सर्व्हर एवढ्यांपर्यंत पोहोचता आलेच पाहिजे. अन्यथा दुरुस्तीसाठी लागणारे अपडेट त्याला मिळणारच नाही आणि तो तेथेच अडकून पडेल. पडद्यावर 'प्रवेश नाकारला' एवढेच न दाखवता 'फायरवॉल बंद आहे, ती सुरू करून पुन्हा जोडणी करा' असे नेमके सांगावे. मदतकक्षाचे निम्मे फोन त्यानेच वाचतात, असे माझे मत आहे.

अंमलबजावणी एकदम करू नये. सुरुवातीचे काही आठवडे कोणालाही न अडवता केवळ नोंदी घ्याव्यात, कोणत्या अटीवर किती संगणक नापास होतात ते पाहावे, ते दुरुस्त करून घ्यावेत आणि मगच एकेका विभागात अडवणूक सुरू करावी. वरिष्ठांच्या लॅपटॉपसाठी अपवाद मागितले जातीलच. प्रत्येक अपवादाला अंतिम तारीख घालावी.

तपासणी प्रवेशाच्या वेळी एकदाच करून भागत नाही, कारण फायरवॉल नंतरही बंद करता येते. ती ठरावीक अंतराने पुन्हा व्हावी. शिवाय एजंटचा अहवाल म्हणजे संगणकाने स्वतःविषयी दिलेली माहिती असते आणि संगणक आधीच घुसखोराच्या ताब्यात असेल, तर ती खोटी असू शकते. त्यामुळे तपासणीत उत्तीर्ण झालेल्या संगणकालाही कामापुरत्याच सर्व्हरपर्यंत जाऊ द्यावे.