तीन महिन्यांची नोकरी आणि रेझ्युमेतल्या या चुका टाळा

रेझ्युमे हातात आला की मी आधी तारखा पाहतो, मग नाव. नागपूरजवळच्या बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी माणसं शोधण्यात बारा वर्षं गेली, पण छोट्या नोकरीवरून होणारा घोळ काही थांबत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे दोन-तीन महिन्यांची नोकरी गाळायची आणि ती फट बुजवायला आधीच्या नोकरीची तारीख ताणायची. स्टोअर्सच्या जागेसाठी एक पोरगा आला होता. मुलाखत झकास, ऑफर लेटरही निघालं. मग पडताळणीत पीएफची सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे कुठे, कधी काम केलं त्याची यादी मागितली, तर मिहानमधल्या एका गोदामात तीन महिने काम केल्याची नोंद. रेझ्युमेत मात्र साहेब तेव्हा जुन्याच कंपनीत! विचारलं तर म्हणतो, "सर, तीन महिन्याचं कोण पाहते?" यूएएनमध्ये दिसते ना बावा! नोकऱ्या कितीही बदला, यूएएन हा पीएफचा बारा आकडी नंबर एकच राहतो आणि रुजू झाल्याच्या, सोडल्याच्या तारखा त्याखाली नोंदल्या जातात. ऑफर रद्द झाली. माझा खरा संताप पुढे झाला. त्या गोदामात तो सॅप या सॉफ्टवेअरवर मालाची आवक-जावक नोंदवत होता, आणि आम्हाला नेमकं तेच येणारा माणूस हवा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; याने मुठीत खरोखरच सव्वा लाख झाकून ठेवले होते.

अर्ज करण्याआधी पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा आणि तारखा तिथूनच उतरवा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःला ऑनलाइन भरता येते. पण पोरांना एवढा धीर कुठला! सीताबर्डीत झेरॉक्सवाल्याकडे बसून मित्राच्या रेझ्युमेत नाव बदलून घेतात, आणि खाली "वरील माहिती सत्य आहे" म्हणून सही ठोकतात.

नुसतं "2022–2023" लिहू नका, महिने टाका. नुसत्या सालांत दोन महिनेही बसतात आणि दोन वर्षंही, हे आम्हाला कळतं.

सोडण्याचं कारण रेझ्युमेत नको, मुलाखतीत एका वाक्यात सांगा. काम कंत्राटी असेल तर पदाशेजारी तसं लिहा, अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

तीन महिन्यांत कोणी "टीम लीडर" होत नसतो.

आठवड्यात सोडलेली, या कामाशी संबंध नसलेली नोकरी खुशाल गाळा. मात्र कंपनीच्या फॉर्ममध्ये आजवरच्या सगळ्या नोकऱ्या विचारल्या असतील, तर तिथे तीही भरा.

रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र, मिळालं नसेल तर पगाराच्या स्लिपा आणि राजीनाम्याचा मेल जपून ठेवा. जुन्या फोनमध्ये होतं, हे मी रोज ऐकतो.