परसात ब्रॅम्ली लावायचं तर याच दिवसांत

नोव्हेंबरात पानगळ झाली की इंग्लंडमधल्या रोपवाटिकांत सफरचंदाची उघड्या मुळांची कलमं येतात, ती साधारण मार्चपर्यंत मिळतात. कुंडीतल्या रोपापेक्षा ती स्वस्त पडतात आणि चांगली रुजतात.

ब्रॅम्ली हे शिजवायचं सफरचंद. साउथवेल गावात १८०९ मध्ये एका मुलीने पेरलेल्या बीपासून ही जात आली. कैरी मिळत नाही तेव्हा इथल्या मराठी घरांत त्याचा टक्कू होतो, पन्हंही होतं. मेथांब्याला मात्र फोडी शेवटी घाला, दोन मिनिटांत लगदा होतो.

कलम घेण्याआधी परागीकरणाचं बघा, बहुतेकांची फसगत इथेच होते. ब्रॅम्लीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे त्याचा पराग कुचकामी. त्याला दुसऱ्या जातीचं झाड लागतं, आणि त्या दुसऱ्यालाही फळ हवं असेल तर तिसरं. जेम्स ग्रीव्ह आणि डिस्कव्हरी त्याच सुमाराला फुलतात. शेजाऱ्यांच्या परसात सफरचंदं असतील तर मधमाश्या तुमचं काम करतील. एकदा कुंपणापलीकडे नजर टाकून या.

झाड मुळातच दांडगं, म्हणून लहान परसाला एम-२६ खुंटावरचं कलम मागा; खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळांचं झाड, आणि एम-२६ वरचं झाड आटोपशीर राहतं. सखल, गारठा साचणारा कोपरा नको. मे महिन्यातलं हिमतुषार फुलं जाळतं.

मुळं तासभर पाण्यात भिजवा. खड्डा खोल नको, रुंद हवा. खोडावर बोटाच्या पेराएवढा फुगीर, जरा वाकडा भाग दिसेल, तो कलमाचा जोड. तो मातीच्या चार बोटं वरच राहू द्या. माझ्या पहिल्या झाडाचा जोड मी पुरला; वरच्या भागालाच मुळं फुटली आणि खुंटाचा उपयोग संपला, झाड भरमसाट वाढलं. खड्ड्यात शेणखत घालू नका. माती पायाने दाबा, काठीला सैल बांधा, पालापाचोळ्याचं आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी हवंच. पहिल्या वर्षी धरलेली फळं खुडून टाका. जिवावर येतं, पण मुळं धरायला तेच बरं.

थंडीत छाटणी करताना सगळे शेंडे सरसकट कापू नका, ब्रॅम्ली बरंचसं शेंड्यांवर फळतं. ऑक्टोबरात फळ तळहातावर उचलून किंचित फिरवा. देठासकट सुटलं तर तयार. डाग नसलेली तेवढी निवडा, कागदात गुंडाळून थंड, अंधाऱ्या जागी एकमेकांना न लागता ठेवा. होळीपर्यंत पुरतात.