कापाब्लांका बुद्धिबळ: ऐंशी घरांचा डाव कसा मांडावा

अव्वल खेळाडूंचे सगळेच डाव एक दिवस बरोबरीत सुटू लागतील, अशी धास्ती १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेते असलेल्या होसे राउल कापाब्लांका यांना वाटत होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी दहा बाय आठ घरांचा पट आणि प्रत्येक बाजूस दोन जादा मोहरी सुचवली. कल्पना अगदीच नवी नव्हती. सिसिलीच्या पिएत्रो कार्रेरा यांनी १६१७ मध्ये आणि इंग्लंडच्या हेन्री बर्ड यांनी १८७४ मध्ये हीच मोहरी वापरली होती.

पट जाड पुठ्ठ्यावर आखावा. चार सेंटिमीटरची घरे घेतल्यास तो ४० बाय ३२ सेंटिमीटरचा होतो. उजव्या हाताचे कोपऱ्यातले घर नेहमीप्रमाणे पांढरेच ठेवावे.

आर्चबिशप उंट आणि घोडा या दोघांच्याही चाली चालतो, तर चॅन्सेलर हत्ती आणि घोड्याच्या. ही मोहरी बाजारात सहज मिळत नाहीत. म्हणून दुसऱ्या संचातील उंटाला व हत्तीला रंगीत दोरा बांधावा आणि त्याच संचातून दोन-दोन प्यादी घ्यावीत.

पांढऱ्याच्या डावीकडून हत्ती, घोडा, आर्चबिशप, उंट, वजीर, राजा, उंट, चॅन्सेलर, घोडा, हत्ती असा क्रम लावावा. काळी मोहरी त्यांच्या बरोबर समोर येतात. वजीर स्वतःच्या रंगाच्या घरात ही सवय इथे विसरावी, कारण या पटावर तो मान राजाला मिळतो.

किल्लेकोट करताना राजा तीन घरे सरकतो आणि हत्ती त्याला ओलांडून शेजारी बसतो. शेवटच्या ओळीत पोहोचलेल्या प्याद्याला आर्चबिशप किंवा चॅन्सेलरही होता येते. बाकी नियम नेहमीचेच.

मांडणीत मात्र एक उणीव आहे, आणि माझ्या मते नवख्याने ती पहिल्याच डावाआधी पटावर करून पाहावी. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्याद्याला सुरुवातीला कशाचेच संरक्षण नसते. पांढऱ्याने आर्चबिशपशेजारील उंटापुढचे प्यादे हलवले की आर्चबिशपचा तिरका मार थेट काळ्याच्या त्या प्याद्यावर जातो. काळ्याने दुर्लक्ष केल्यास आर्चबिशप ते प्यादे मारतो आणि तिथून चॅन्सेलर, हत्ती व उंट या तिघांवर एकाच वेळी मारा करतो. उत्तर सोपे आहे: काळ्याने त्या बाजूचा घोडा चॅन्सेलरच्या प्याद्यापुढे आणून वाट अडवावी, तिथे दोन प्यादी त्याला राखतात, त्यामुळे आर्चबिशपने घोडा मारला तर तोच गमवावा लागतो.