मुलांशी गैरवर्तन करणाऱ्या प्रौढांची आकडेवारी कशी वाचावी

मुलांवर अत्याचार करणारी किंवा त्यांची हेळसांड करणारी माणसे कोण असतात, हे आकडेवारीतून जाणून घ्यायचे असेल, तर आधी तो तक्ता कोणी, कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या नोंदींवरून केला आहे ते पाहावे. टक्केवारीकडे त्यानंतर वळावे, कारण तक्त्यात दिसतो तो नोंदला गेलेला माणूस.

अमेरिकेचा आरोग्य विभाग दरवर्षी जो अहवाल काढतो, त्यात राज्यांच्या बालसंरक्षण यंत्रणांनी चौकशीअंती ग्राह्य धरलेल्या तक्रारी असतात. त्यानुसार जबाबदार ठरलेल्यांपैकी बहुसंख्य आईवडील असतात, निम्म्याहून किंचित अधिक स्त्रिया असतात आणि २५ ते ३४ हा वयोगट सर्वांत मोठा असतो. यावरून स्त्रिया अधिक क्रूर असतात असा निष्कर्ष काढणारे लेख अधूनमधून वाचायला मिळतात, आणि ते उथळ असतात. या यंत्रणांचे काम प्रामुख्याने पालक व सांभाळ करणाऱ्यांपुरते असते, अहवालातील बहुतेक मुले हेळसांडीची असतात, आणि लहान मुलाचा दिवसभराचा सांभाळ बहुधा आईकडेच असतो. म्हणून प्रकार वेगळे करूनच वाचावे. केवळ लैंगिक अत्याचार पाहिले, तर चित्र उलटते आणि पुरुषांची संख्या कितीतरी अधिक निघते.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल हाताशी असतो. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम ४ व ६ खालील, म्हणजे गंभीर लैंगिक हल्ल्याच्या, गुन्ह्यांत ९५ टक्क्यांहून अधिक आरोपी पीडित मुलाच्या ओळखीचे असल्याचे त्यात दिसते, आणि हा आकडा बातम्यांत हमखास येतो. मात्र 'ओळखीचे' म्हणजे 'नातेवाईक' नव्हे. या आकड्याखाली तीन ओळी असतात: पहिली घरातील व्यक्ती; दुसरी कौटुंबिक मित्र, शेजारी, मालक व इतर परिचित; आणि तिसरी मित्र, समाजमाध्यमांवरील मित्र किंवा लग्नाचे आमिष दाखवणारे. २०१२ च्या या कायद्याने संमतीचे वय १८ ठरवल्यामुळे १६-१७ वर्षांची मुलगी प्रियकराबरोबर निघून गेल्यावर पालकांनी नोंदवलेल्या तक्रारीही तिसऱ्या ओळीत जमा होतात. उलट घरातील व्यक्तींची पहिली ओळ लहान दिसते, पण वडील किंवा काकांविरुद्ध पोलीस ठाण्यात जाणे किती कठीण असते, हे लक्षात घेता ती ओळ लहान असण्यात दिलासा मानू नये. शिवाय हे आरोपी आहेत, दोषी ठरलेले नव्हेत. दोषसिद्धीचा तक्ता वेगळा असतो.

पोलिसांच्या नोंदींबरोबर मुलांनी स्वतः सांगितलेलेही वाचावे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले होते. त्यांतील ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यात मुलग्यांचे प्रमाण मुलींइतकेच होते. पोक्सोच्या नोंदींत मात्र पीडित जवळजवळ सर्व मुलीच दिसतात. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक मुलांना मारणारे आईवडीलच होते.

हेळसांडीचा आकडा वाचताना गरिबी हे कारण आहे की केवळ संदर्भ, हे तपासावे. ऊसतोडीला गेलेले आईवडील मुलाला गावी आजीजवळ ठेवतात किंवा फडावर सोबत नेतात. दोन्ही पर्यायांत शाळा आणि देखभाल यांचे हाल होतात, पण त्यामागे बेपर्वाई असतेच असे नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्येही, जन्मदात्यांनी नाइलाजाच्या परिस्थितीत मुलाला सोडले असेल, तर ते हेतुपुरस्सर मानू नये, अशी तरतूद आहे. गरीब घरे सरकारी यंत्रणेच्या नजरेत अधिक येतात आणि बंगल्यातील मारहाण कुंपणाबाहेर जात नाही, हेही विसरू नये.

टक्केवारी उलटी फिरवू नये. अत्याचार करणाऱ्यांत आईवडील बहुसंख्य असले, तरी बहुसंख्य आईवडील अत्याचारी ठरत नाहीत. तसेच वय, लिंग किंवा व्यवसाय यांच्या सरासरीवरून एखाद्या शेजाऱ्यावर संशय घेऊ नये, आणि त्याच सरासरीवर विसंबून मुलाने सांगितलेली गोष्ट बाजूलाही सारू नये. असा प्रसंग समोर आल्यास तक्ते बंद करून १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा पोलिसांना कळवावे. लैंगिक गुन्ह्याची केवळ शंका असली, तरी पोक्सोच्या कलम १९ नुसार कळवणे बंधनकारक आहे.

तालुका किंवा शाळा पातळीवरचे आकडे छापायचे असतील, तर एक-दोन नोंदींच्या ओळी एकत्र कराव्यात. गाव, आरोपीचे नाते आणि मुलाचे वय एवढ्यावरून मूल ओळखता येते, आणि अशी ओळख उघड करणे पोक्सोच्या कलम २३ नुसार गुन्हा आहे.